आर्सेनिकची रूपे आणि जलवनस्पती : सिद्धेश्वर जलाशयाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

आर्सेनिक या मूलद्रव्याच्या संयुगांना मराठीत फार जुनी व स्वतंत्र नावे आहेत. पांढरा सोमल म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड. पिवळा हरताळ व तांबडी मनशीळ ही आर्सेनिकची दोन सल्फाइडे होत. सोमलाची चिमूटही प्राणघातक ठरते, हे सर्वश्रुत आहे. हरताळ मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हस्तलिखित पोथ्यांमधील चुकीची अक्षरे झाकण्यासाठी तो शतकानुशतके हाताने फासला जात असे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. मूलद्रव्य एकच असूनही त्याच्या प्रत्येक रूपाचा गुणधर्म वेगळा असतो, ही जाण व्यवहारातील भाषेने अशा रीतीने जपली आहे. आधुनिक पाणी-तपासणीच्या अहवालात मात्र आर्सेनिकसमोर बहुधा एकच आकडा असतो. तो एकूण आर्सेनिकचा असतो. ते आर्सेनिक कोणत्या रूपात आहे, याचा उल्लेख तेथे नसतो.

जलवनस्पतींच्या बाबतीत हा एकच आकडा विशेषच अपुरा ठरतो. वनस्पतीच्या पेशीत आर्सेनिक कोणत्या मार्गाने शिरेल, किती शिरेल, तेथे कोणती प्रक्रिया बिघडवेल आणि वनस्पती त्याला कसे निष्प्रभ करील, हे सर्व त्याच्या रूपावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या रूपभेदाचे विवेचन हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर जलाशय डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. महाविद्यालयांमधून जलवनस्पती व जड धातू या विषयावर पदव्युत्तर प्रकल्प व लघुशोधप्रकल्प मोठ्या प्रमाणावर हाती घेतले जातात. प्रयोगशाळेतील निष्कर्ष जलाशयाला लावताना जी घाई होते, तिची तपासणी करणे हाही या विवेचनाचा हेतू आहे.

सिद्धेश्वर जलाशय : पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. (तापीस मिळणारी विदर्भ-खानदेशातील पूर्णा ही वेगळी नदी होय.) औंढा नागनाथ तालुक्यातील हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास त्याच्या वरच्या अंगास येलदरी धरण उभे राहिले. येलदरीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी सिद्धेश्वरमध्ये अडवून कालव्यांत घ्यावयाचे, अशी ही जोडयोजना आहे. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर आहे, तर एकूण साठा सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर आहे. याचा अर्थ मृतसाठा उपयुक्त साठ्याच्या दुपटीहून अधिक आहे. कालव्याच्या पातळीखाली राहणारे हे खोल पाणी पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते. हिंगोली शहराचा पाणीपुरवठाही याच जलाशयावर अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सिद्धेश्वरचे पाणी आर्सेनिकदूषित आहे, असे या लेखाचे प्रतिपादन नाही. या खोऱ्यातील खडक दख्खनचा बेसाल्ट आहे. बेसाल्टमध्ये आर्सेनिकचे प्रमाण किलोमागे साधारणतः २ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अल्पच असते. मराठवाडा व लगतच्या विदर्भात भूजलाचा ज्ञात प्रश्न फ्लोराइडचा व नायट्रेटचा आहे. आर्सेनिकचा प्रश्न १९८३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये पुढे आला. महाराष्ट्राच्या सीमेलगतचे त्याचे उदाहरण छत्तीसगडमधील कौडीकसा परिसराचे आहे. तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील या भागाचे भूजल १९९९ मध्ये प्रकाशात आले. गडचिरोलीला लागून असलेल्या त्या पट्ट्यातील खडक बेसाल्ट नसून ग्रॅनाइट व आम्लधर्मी ज्वालामुखी खडक आहेत.

मग सिद्धेश्वरचा विचार कशासाठी? कारण असे की, ज्या जलाशयात आर्सेनिकचा मोठा स्रोत नाही, तेथेच रूपाचा प्रश्न अधिक सूक्ष्म असतो. अल्प मात्रेत वनस्पतीवर होणारा परिणाम मात्रेपेक्षा रूपावर आणि पाण्यातील इतर घटकांवर अधिक ठरतो. शिवाय हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम, लेम्ना, जलपर्णी, पाणकणीस या मराठवाड्यातील तलाव-कालव्यांत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या वनस्पती याच आर्सेनिक-संशोधनात जगभर वापरल्या गेलेल्या आहेत. त्यांच्याविषयी उपलब्ध झालेले ज्ञान येथील पाण्याला लावता येते काय, हा प्रश्न रास्त आहे.

पाण्यातील रूपे

गोड्या पाण्यात विरघळलेले आर्सेनिक प्रामुख्याने दोन असेंद्रिय रूपांत असते. प्राणवायूयुक्त पाण्यात पंचसंयुजी आर्सेनेट आढळते. प्राणवायू संपलेल्या पाण्यात व गाळातील पाण्यात त्रिसंयुजी आर्सेनाइट आढळते. सामू ७ ते ८.५ या पट्ट्यात, म्हणजे बेसाल्टी प्रदेशातील पाण्याच्या नेहमीच्या पट्ट्यात, आर्सेनेट ऋणभारित असते. त्यामुळे लोहाच्या ऑक्साइडांवर त्याचे चांगले अधिशोषण होते. आर्सेनाइटचे रेणू याच पट्ट्यात जवळजवळ पूर्णपणे भाररहित असतात. सामू ९.२ च्या पुढे गेल्यावरच त्यांचे निम्म्याहून अधिक आयनीभवन होते. भार असणे व नसणे हा वरकरणी किरकोळ वाटणारा फरक पुढील बहुतेक सर्व परिणामांच्या मुळाशी आहे.

याखेरीज मोनोमिथिल व डायमिथिल ही सेंद्रिय रूपे अल्प प्रमाणात असतात. जीवाणू व शैवाल ती तयार करतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस क्रीक जलाशयाच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पृष्ठभागाच्या पाण्यात मिथिलयुक्त आर्सेनिकचा वाटा मोठा असल्याचे आढळले होते. म्हणजे 'पृष्ठभागावर प्राणवायू आहे, अर्थात तेथे आर्सेनेटच असणार' हे अनुमान नेहमीच खरे ठरत नाही. सल्फाइडयुक्त गाळात थायोआर्सेनेट नावाची आणखी एक मालिका तयार होते. तथापि जलवनस्पतींच्या दृष्टीने तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

पेशीचे दोन दरवाजे

आर्सेनेटची रचना फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती आहे की वनस्पतीची फॉस्फेट-वाहक प्रथिने त्यांच्यात पुरेसा भेद करू शकत नाहीत. वनस्पतीला फॉस्फेट हवेच असते. ते आत घेण्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करते. त्याच वाहनात आर्सेनेट बसून आत येते. आत गेल्यावर ते फॉस्फेटच्या जागा बळकावते. ऊर्जावाहक एटीपीच्या निर्मितीत फॉस्फेटऐवजी आर्सेनेट जोडले गेले तर तयार होणारे संयुग क्षणार्धात विघटित होते. पेशीचे श्रम होतात, पण ऊर्जा साठत नाही.

आर्सेनाइटचा मार्ग निराळा आहे. भाररहित असल्याने त्याला फॉस्फेटचे वाहन चालत नाही. पाणी व ग्लिसेरॉलसारखे लहान भाररहित रेणू ज्या प्रथिन-वाहिन्यांतून ये-जा करतात, त्याच वाहिन्यांतून ते पेशीत उतरते. भाताच्या मुळांत सिलिका शोषणारी वाहिनीच आर्सेनाइटला वाट देते, हे २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. आत गेल्यावर आर्सेनाइट प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटते आणि अनेक विकरे निकामी करते. श्वसनसाखळीच्या उंबरठ्यावरील पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे त्यांतील एक महत्त्वाचे विकर होय.

यावर वनस्पतीचा प्रतिकारही गंधकाच्याच आधारे चालतो. ग्लुटाथायोनपासून ती फायटोकेलॅटिन नावाची लहान पेप्टाइडे तयार करते. ती आर्सेनाइटला बांधतात आणि हे संयुग रिक्तिकेत बंदिस्त केले जाते. आर्सेनेटला मात्र फायटोकेलॅटिन बांधू शकत नाही. म्हणून आत आलेल्या आर्सेनेटचे पेशी प्रथम आर्सेनाइटमध्ये क्षपण करते. एका अर्थाने वनस्पती कमी विषारी रूपाचे अधिक विषारी रूपात रूपांतर करून मगच ते कोंडते. वाचताना हे विचित्र वाटते, परंतु बांधता न येणाऱ्या शत्रूपेक्षा बांधता येणारा शत्रू पेशीला परवडतो. या रूपांतरात ग्लुटाथायोन दुहेरी खर्ची पडते. एकदा ते क्षपणासाठी लागते आणि पुन्हा बंधनासाठी. परिणामी ऑक्सिडीकारक ताण वाढतो, पटलांतील मेदांची हानी होते आणि हरितद्रव्य घटते. पाने पिवळी पडणे, कडा करपणे, खोड ठिसूळ होऊन तुकडे पडणे व मुळे काळवंडणे ही डोळ्यांना दिसणारी लक्षणे त्यानंतरची आहेत.

आर्सेनेट घेतलेल्या वनस्पतीच्या पेशीतही अखेर बहुतांश आर्सेनाइटच सापडते, ते याच कारणामुळे. म्हणून वनस्पतीच्या आतील रूप पाहून पाण्यातील रूप सांगता येत नाही. अनेक प्रकल्प-अहवालांत हा उलटा तर्क दिसून येतो. शिवाय क्षपणानंतरचे काही आर्सेनाइट पेशी पुन्हा बाहेर टाकते. म्हणजे वनस्पती ही आर्सेनिकची केवळ साठवण करत नाही, तर भोवतालच्या पाण्यातील त्याचे रूपही बदलते.

हायड्रिलाचा पुरावा

हायड्रिला व्हर्टिसिलाटा या पाण्यात बुडालेल्या वनस्पतीवर भारतात या संदर्भात मोलाचे काम झाले आहे. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हायड्रिलाला ० ते २५० मायक्रोमोल आर्सेनेट आणि ० ते २५ मायक्रोमोल आर्सेनाइट अशा दोन मालिकांमध्ये ठेवले होते. सात दिवसांनंतर आर्सेनेटच्या सर्वोच्च मात्रेत कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम सुमारे २०५ मायक्रोग्रॅम आर्सेनिक साठले. आर्सेनाइटच्या सर्वोच्च मात्रेत ते सुमारे ३१५ मायक्रोग्रॅम होते. पाण्यातील मात्रा एक दशांश असूनही साठवण दीडपट झाली. फायटोकेलॅटिन व प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणांचा प्रतिसादही दोन्ही रूपांना सारखा नव्हता. पुढे २०११ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून याच वनस्पतीतील आर्सेनेटच्या ताणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशीची क्षपण-स्थिती व ऊर्जेचा समतोल यांवर ताणाची तीव्रता ठरते, असे त्याचे सूत्र आहे. आर्सेनेटचा एटीपीशी असलेला वर उल्लेखिलेला संबंध लक्षात घेता ते सुसंगतच आहे.

हे निष्कर्ष विश्वसनीय आहेत. अडचण निर्माण होते ती ते जलाशयाला लावताना. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरविली आणि भारतीय मानकातही स्वीकारार्ह मर्यादा तीच आहे. रेणुभाराच्या हिशेबाने ही मात्रा सुमारे ०.१३ मायक्रोमोल भरते. म्हणजे २५ मायक्रोमोल ही त्या मर्यादेच्या सुमारे १९० पट, तर २५० मायक्रोमोल ही सुमारे १,९०० पट मात्रा झाली. परिणाम दृश्य व्हावा यासाठी प्रयोगात अशी मात्रा घेणे योग्यच असते. परंतु त्यावरून 'हायड्रिला जलाशयातील आर्सेनिक इतके शोषते' असे विधान करणे योग्य नव्हे.

फॉस्फेट : दुर्लक्षित घटक

आर्सेनाइट हे आर्सेनेटपेक्षा अधिक विषारी असते, हे विधान पाठ्यपुस्तकांतून निरपवाद नियमासारखे दिले जाते. वनस्पतींच्या बाबतीत तो नियम नाही. आर्सेनेट फॉस्फेटच्या दरवाजाने येत असल्याने त्याची विषारीता भोवती किती फॉस्फेट आहे यावर अवलंबून असते. फॉस्फेट विपुल असेल तर आर्सेनेटला वाहनात जागाच मिळत नाही. फॉस्फेट दुर्मीळ असेल तर वनस्पती अधिक वाहक-प्रथिने तयार करते आणि त्यांतून आर्सेनेट अधिक वेगाने शिरते. शैवालावरील प्रयोगांत फॉस्फेट-दरिद्री माध्यमात आर्सेनेटची विषारीता कितीतरी पटींनी वाढलेली वारंवार आढळली आहे.

आता महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील नेहमीची पद्धत पाहावी. वनस्पती हॉगलंड पोषणद्रावणात वाढविली जाते आणि त्यात सोडियम आर्सेनेट व सोडियम आर्सेनाइट निरनिराळ्या मात्रांत घातले जाते. पूर्ण तीव्रतेच्या हॉगलंड द्रावणात १ मिलिमोल, म्हणजे लिटरमागे ३१ मिलिग्रॅम, फॉस्फरस असतो. नैसर्गिक जलाशयात विद्राव्य फॉस्फरस लिटरमागे काही मायक्रोग्रॅम ते काही दशक मायक्रोग्रॅम इतकाच असतो. या द्रावणात आर्सेनेट सौम्य व आर्सेनाइट तीव्र दिसले, तर त्यातील किती फरक आर्सेनिकच्या रूपाचा आणि किती फॉस्फेटच्या पुराचा, हे सांगता येत नाही.

एक हिशेब पुरेसा बोलका आहे. पूर्ण हॉगलंड द्रावणात २५ मायक्रोमोल आर्सेनेट घातले, तर प्रत्येक आर्सेनेट आयनामागे ४० फॉस्फेट आयन असतात. समजा, एखाद्या जलाशयात लिटरमागे ३१ मायक्रोग्रॅम फॉस्फरस व १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे. तेथे प्रत्येक आर्सेनेट आयनामागे जेमतेम ७ ते ८ फॉस्फेट आयन भरतात. प्रयोगशाळेतील मात्रा १९० पट असूनही दरवाजापाशी आर्सेनेटला मिळणारी संधी जलाशयातच अधिक आहे. म्हणून द्रावण दशांश किंवा त्याहून विरल करून त्यातील फॉस्फेटची नोंद निष्कर्षासोबत देणे ही अशा प्रयोगाची किमान अट मानली पाहिजे. अनेक शोधनिबंधांत ती पाळली जात नाही. मात्रांचे तक्ते सविस्तर असतात, फॉस्फेटचा रकाना मात्र नसतो.

सिद्धेश्वरच्या खोऱ्यात या घटकाला वेगळे महत्त्व आहे. सोयाबीन, कापूस व हळद ही तेथील प्रमुख पिके आहेत आणि त्यांना स्फुरदयुक्त खते दिली जातात. पावसाळ्यात मातीबरोबर वाहून येणारे फॉस्फेट दोन परस्परविरोधी गोष्टी करते. पाण्यात ते वनस्पतीचे आर्सेनेटपासून रक्षण करते. गाळात मात्र लोहाच्या ऑक्साइडांवरील आर्सेनेटला ढकलून पाण्यात सोडते. कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे ऋतूवर व पाण्याच्या खोलीवर ठरते.

एका जलाशयातील तीन अधिवास

सिद्धेश्वरसारख्या जलाशयात पावसाळ्यातील गढूळ पाण्याबरोबर लोहयुक्त बारीक माती येते व तळाशी बसते. तिच्या कणांवर आर्सेनेट चिकटलेले असते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड राहते आणि दोन्ही मिसळेनासे होतात. खोल भागातील प्राणवायू सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्यात संपतो. त्यानंतर जीवाणू लोहाच्या ऑक्साइडांचे क्षपण करतात. लोह विरघळते आणि त्यावर बसलेले आर्सेनिक मोकळे होते. ते बहुधा आर्सेनाइटच्या रूपात मोकळे होते. ज्या जलाशयात मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा आहे, तेथे या क्रियेला जागा भरपूर असते. वरच्या धरणाच्या खोल थरातून जलविद्युत केंद्रामार्गे येणारे पाणीही उन्हाळ्यात प्राणवायूने दरिद्री असू शकते, ही बाब जोडप्रकल्पात नजरेआड करता येणार नाही.

त्यामुळे एकाच दिवशी, एकाच जलाशयात, तीन प्रकारच्या वनस्पतींना तीन निरनिराळ्या रूपांचा सामना करावा लागतो. जलपर्णी व लेम्ना या तरंगत्या वनस्पतींची मुळे पृष्ठभागाच्या पाण्यात असतात. त्यांना प्रामुख्याने आर्सेनेट व काही अंशी शैवालाने बाहेर टाकलेली रूपे भेटतात. काठावरील पाणकणसाची मुळे गाळात असतात. तेथील पाण्यात आर्सेनाइट असते. मात्र पाणकणीस आपल्या पोकळ खोडातून मुळांपर्यंत हवा पोहोचविते. ती मुळांबाहेर झिरपते आणि मुळांवर गंजासारखे लोहाचे तांबूस पुट चढते. या पुटावर आर्सेनिक अडकते. वनस्पती अशा रीतीने आपल्या दाराशी स्वतःच गाळणी बसविते. बुडालेली हायड्रिला दोन्हीकडून घेते. पानांतून ती पाण्यातील आर्सेनेट शोषते, तर मुळांतून गाळातील आर्सेनाइट.

हायड्रिलाच्या दाट वाढीत आणखी एक गुंतागुंत असते. भर दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे तेथील सामू ९ च्या वर जातो आणि प्राणवायू संपृक्ततेपलीकडे वाढतो. पहाटे दोन्ही उतरतात. सकाळी सात वाजता घेतलेला नमुना व दुपारी दोन वाजता घेतलेला नमुना यांत रासायनिकदृष्ट्या दोन वेगळी पाणी असतात. प्रकल्प-अहवालात नमुन्याची तारीख असते, वेळ क्वचितच असते.

पुटाचा मुद्दा मोजमापातही अडचण निर्माण करतो. मुळे केवळ नळाच्या पाण्याने धुवून वाळविली, तर पुटावर चिकटलेले आर्सेनिक 'वनस्पतीने शोषलेले' म्हणून मोजले जाते. जपानमध्ये स्पायरोडेला या लेम्नाच्या जवळच्या वनस्पतीवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पृष्ठभागावरील लोह-पुटातील व ऊतीतील आर्सेनिक वेगळे काढले गेले. आर्सेनेटचे शोषण फॉस्फेट वाढताच घटले. डायमिथिल रूपाच्या शोषणावर मात्र फॉस्फेटचा तसा परिणाम दिसला नाही. यावरून डायमिथिल रूप फॉस्फेटच्या दाराने येत नाही, हे स्पष्ट होते.

सेंद्रिय रूपांविषयी थोडक्यात

मिथिलयुक्त रूपे जलवनस्पती असेंद्रिय रूपांपेक्षा कमी वेगाने शोषतात. परंतु एकदा आत आल्यावर ती गंधकाने बांधली जात नसल्याने वनस्पतीत सहज हिंडतात. भातात डायमिथिल आर्सेनिक ओंबीपर्यंत पोहोचून दाणे पोचट करते, हे ज्ञात आहे. वनस्पती स्वतः आर्सेनिकला मिथिल गट जोडत नाहीत आणि त्यांच्यात आढळणारी ही रूपे सूक्ष्मजीवांकडून आलेली असतात, असे २०१२ मधील संशोधनाने दाखविले. तेव्हा जलवनस्पतीत डायमिथिल आर्सेनिक सापडले, तर तो वनस्पतीच्या शरीरक्रियेचा नव्हे, तर भोवतालच्या जीवाणू-शैवालांच्या कार्याचा पुरावा समजावा.

याच अनुषंगाने एका रूढ चुकीचा उल्लेख करणे उचित ठरेल. पाऱ्याप्रमाणे आर्सेनिकही अन्नसाखळीत वर चढताना वाढत जाते, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. आर्सेनिकच्या बाबतीत सर्वसाधारणपणे उलट घडते. वनस्पतीकडून जलकीटकाकडे व तेथून माशाकडे जाताना त्याचे प्रमाण घटते आणि उरलेल्यात सौम्य सेंद्रिय रूपांचा वाटा वाढतो. म्हणून माशांपेक्षा थेट खाल्ल्या जाणाऱ्या जलवनस्पतींकडे, म्हणजे नाळीची भाजी व शिंगाडा यांकडे, अधिक लक्ष देणे तर्कसंगत आहे.

मोजमाप महाविद्यालयाच्या आवाक्यात

रूपभेद मोजण्याची प्रगत पद्धत म्हणजे द्रव-वर्णलेखन व प्लाझ्मा-द्रव्यमानमापन यांची जोडणी. तिचा खर्च ग्रामीण महाविद्यालयाला झेपणारा नाही. तथापि रूपभेदाची किमान नोंद तेवढ्याशिवायही होऊ शकते. आर्सेनाइट भाररहित व आर्सेनेट ऋणभारित, हाच फरक येथे उपयोगी पडतो. ऋण-आयन-विनिमयी रेझिनच्या लहान नळीतून गाळलेले पाणी जागेवरच सोडले, तर आर्सेनेट अडकते व आर्सेनाइट पुढे जाते. दोन्ही भाग नंतर कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेत एकूण आर्सेनिकसाठी तपासून घेता येतात. दुसरा मार्ग हायड्राइड पद्धतीचा आहे. सामू ५ ते ६ च्या आसपास केवळ आर्सेनाइटपासून आर्सिन वायू तयार होतो, तर तीव्र आम्लात दोन्ही रूपांपासून. दोहोंतील फरक म्हणजे आर्सेनेट. आर्सिन अत्यंत विषारी असल्याने हे काम वायुनिष्कासक कपाटातच आणि शिक्षकाच्या उपस्थितीतच झाले पाहिजे. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वर्गात ते करू नये.

रूपांचे वेगळेपण टिकवणे हे मात्र मोजण्याहून कठीण आहे. गाळातील पाणी बाटलीत भरून ती उघडी राहिली, तर विरघळलेले लोह काही मिनिटांत गंजते आणि आर्सेनिकला आपल्याबरोबर तळाशी नेते. म्हणून नमुना जागेवरच गाळणे, आम्लयुक्त करणे, अंधारात व थंड ठेवणे आवश्यक असते. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत, उन्हात, बसमधून आणलेल्या नमुन्यातून रूपांविषयी काहीही सांगता येत नाही.

वनस्पतींनी शुद्धीकरण : एक हिशेब

जलवनस्पती आर्सेनिक साठवितात, म्हणून त्यांच्याद्वारे जलाशय शुद्ध करावेत, असा उपाय बहुतेक शोधनिबंधांच्या अखेरीस सुचविलेला असतो. या उपायाचे मूल्य आकड्यांनी तपासणे आवश्यक आहे. समजा, सिद्धेश्वरच्या ८१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे. एकूण आर्सेनिक ८१० किलोग्रॅम होईल. जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. एक टन ओल्या जलपर्णीतून ५० किलोग्रॅम कोरडे द्रव्य मिळते. कोरड्या वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम इतके उदार प्रमाण धरले, तरी त्या टनातून केवळ अडीच ग्रॅम आर्सेनिक बाहेर निघेल. सर्व आर्सेनिक काढण्यासाठी सव्वातीन लाख टन जलपर्णी उपसावी लागेल. दरम्यान गाळातून नवे आर्सेनिक येतच राहील. पाण्यातील रूप आर्सेनेट असून फॉस्फेट विपुल असेल, तर ५० मिलिग्रॅमचे प्रमाणही गाठले जाणार नाही.

याचा अर्थ ही वनस्पती-पद्धत सर्वत्र निरुपयोगी आहे असा नाही. नलिकाकूपाचे पाणी सोडलेल्या लहान टाकीत किंवा सांडपाण्याच्या कृत्रिम पाणथळीत, जेथे पाणी थोडे व आर्सेनिक अधिक असते, तेथे ती उपयोगी ठरू शकते. न्यूझीलंडमधील वायकाटो नदीत भू-औष्णिक स्रोतांतून आर्सेनिक येते. तेथील सेरॅटोफायलममध्ये त्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या किलोमागे शेकडो मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलेले आहे. त्या नदीतही वनस्पती प्रदूषणाची साक्षीदार ठरली आहे, शुद्धीकरणाचे साधन नव्हे. सिद्धेश्वरसारख्या जलाशयातही जलवनस्पतींचे मूल्य निदर्शक म्हणून अधिक आहे. पाण्याचा नमुना एका क्षणाची स्थिती सांगतो, तर हायड्रिलाची फांदी काही आठवड्यांची.

उपसलेल्या वनस्पतींचे पुढे काय होते, हा प्रश्न राहतो. त्यांचे ढीग काठावरच कुजू दिले, तर साठलेले आर्सेनिक पहिल्या पावसात पाण्यात परतते. ते पाण्याखालीच कुजले, तर प्राणवायू संपून आर्सेनाइटच मोकळे होते. म्हणजे जे आर्सेनेट म्हणून आत गेले, ते अधिक उपद्रवी रूपात बाहेर येते. ढीग जाळल्यास काही भाग सोमलाच्याच रूपात धुराबरोबर उडतो. कंपोस्ट केल्यास शेतजमिनीत जातो. ॲझोला व जलपर्णी यांचा दुभत्या जनावरांच्या खाद्यात वापर करण्याचा प्रचार गेल्या काही वर्षांत वाढला आहे. जलाशयातील वनस्पती अशा कामासाठी घेण्यापूर्वी तिच्यातील एकूण आर्सेनिकचा आकडा पुरेसा नाही. त्यांपैकी असेंद्रिय किती, आणि ते ऊतीत किती व मुळांवरील पुटात किती, हे वेगळे काढून पाहावे लागते. जनावराच्या पोटात पुटही जाते.